एका गोळीवर

आमच्या हसुराम तात्यांच्या मते पनवेल स्टेशन आमच्या बिल्डिंगपासून साडेतीन गोळ्यांवर आहे.

दचकू नका. दचकायचं काम मी बारा वर्षांपूर्वीच उरकून घेतलंय. मी इथे राहायला आले तो दिवस होता. सामानाचा टेम्पो खाली उभा, नळाला पाणी नाही, आणि मी गेटाशी बाकावर बसलेल्या एका गृहस्थांना विचारलं, "काका, भाजी कुठे मिळेल हो?" पांढरा सदरा, पांढरी टोपी, हातात काठी. त्यांनी डावा डोळा बारीक करून मला न्याहाळलं आणि म्हणाले, "उरन नाक्याव जावा. सव्वा गोली." मी आभार मानले, वर गेले आणि त्या दिवशी भाजीशिवायच स्वयंपाक केला.

पुढे कळलं, की एक गोळी म्हणजे तात्यांचे सख्खे चुलते, कैलासवासी धर्माकाका, मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, जेवढ्या अंतरावरून शत्रू टिपायचे तेवढं अंतर. तात्या मैल मानत नाहीत, किलोमीटर तर नाहीच नाही. वडाळे तलाव दोन गोळ्या. एसटी स्टँड तीन. कळंबोलीचं लोखंड मार्केट सात, आणि वाटेत ट्रक आडवे आले तर नऊ. कर्नाळ्याचा सुळका बावीस. मी एकदा मोबाइलवरचा नकाशा उघडून त्यांना दाखवलं, की परवा तीन सांगितलेला स्टँड आज साडेतीन कसा झाला. ते म्हणाले, "परवा सकाल व्हती. उन्हात गोली लांबते." बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईने यावर काय बोलावं?

सगळ्यात विचित्र म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा कॅनडात असतो, आणि कॅनडा किती लांब म्हणून विचारलं की तात्या सांगतात, "येक गोली." स्टँड तीन आणि कॅनडा एक! मी हे त्यांच्या भूगोलाच्या नावावर मांडून ठेवलं होतं.

तात्या मूळ इथलेच. बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्या खळ्यावर. घराण्याची मिठागरं खाडीलगत होती, ती गेली. तरुणपणी त्यांनी मिठाचा ट्रक चालवला, घाट चढून सगळा देश पालथा घातला. आता वय ऐंशीच्या आसपास. काकू जाऊन सहा वर्षं झाली. तळमजल्यावर एकटेच राहतात, स्वतःपुरता भात टाकतात आणि उरलेला सगळा वेळ गेटाशी बाकावर काढतात. तिथून आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा एकच सवाल असतो, "जेवलाव का?" सकाळी साडेनऊला कुरिअरवाल्याला, दुपारी चारला लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्याला, वाटेल त्याला. एकदा फोनवर कर्ज हवंय का म्हणून विचारणाऱ्या मुलीलाही त्यांनी तेच विचारलं. ती बिचारी म्हणाली, "नाही सर, अजून नाही." मग तात्यांनी तिला पंधरा मिनिटं रागे भरून फोन ठेवायला लावला आणि जेवायला पाठवलं.

लढाईच्या शिस्तीचा जाच मात्र आम्हाला होता. खिडकीकडे पाठ करून बसायचं नाही. "उजेड पाठी घेतलाव का टिपलाव," हा त्यांचा नियम. माझ्याकडे पहिल्यांदा चहाला आले, तर आधी त्यांनी माझा सोफा भिंतीला लावून घेतला. दुसऱ्या वेळी आले तेव्हा टीव्हीची जागा बदलली. लग्नाला गेले की हॉलमध्ये सगळ्यात मागची, भिंतीलगतची खुर्ची पकडतात आणि डावा डोळा बारीक करून नवरा-नवरीवर नजर ठेवतात. तो बारीक डोळा ही त्यांची खास खूण. वांगी निवडताना, भाषण ऐकताना, कोणाचं स्थळ सांगून आलं की, डोळा बारीक. हा घराण्याचा डोळा आहे, काकाचा नेम याच डोळ्यातून गेला, असं ते सांगत.

आणि संध्याकाळी गोष्ट. सहा वाजता बाकावर जो सापडेल त्याला ती ऐकावीच लागे. धर्माकाका मिठागरावरचा पोरगा. लहानपणी गलोलीने उडता बगळा पाडायचा. सरकारने बोलावून बंदूक दिली. वाळवंटातल्या एका दगडाआड हा गडी तीन-तीन दिवस हलायचा नाही. समोरच्यांनी त्याला पकडायला पलटणी पाठवल्या, त्या परत गेल्या नाहीत. सरकारने छापून काढलं, 'कुलाब्याचा वाघ'. आपला रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा होता, हे तात्या नवीन माणसाला आवर्जून सांगत.

मी आले तेव्हा वाघाने सत्तर माणसं टिपली होती. विमानतळाच्या जमिनी गेल्या त्या सुमारास ती नव्वद झाली. कोरोना ओसरल्यावर मी पहिल्यांदा खाली उतरले, तर आकडा एकशे चाळीसवर. माझ्यातल्या मास्तरणीला राहवेना. "तात्या, तुम्हीच सांगता ना, छापील कागदात सत्तर आहेत?"

"कागद छापला तवा सत्तर. मागाहून मारले ते कुठं धरलंव?"

"अहो, पण युद्ध संपलं त्यानंतर!"

"लराई सरकारनं संपवली, बाई. काकानं नाय."

बाकावरचे सगळे हसले. मी वर येऊन निमूट कुकर लावला. खरं सांगते, मला त्यांचा राग यायचा. मुलांच्या पेपरात 'खूप सैनिक मारले' असं वाक्य आलं की मी लाल पेनाने गोल करून शेजारी 'मोघम' लिहायची आणि अर्धा मार्क कापायची. इथे माझ्या डोळ्यांदेखत एक माणूस बारा वर्षं मोघम बोलत होता आणि त्याला पूर्ण मार्क मिळत होते. एक ना एक दिवस हा पेपर माझ्या हाती यावा, अशी माझी फार इच्छा होती.

तो आला. तात्यांचा पुतण्या प्रशांत माझ्याकडे आला, पेढे घेऊन. प्रशांत बिल्डर आहे. गळ्यात जाड साखळी, मनगटात कडं, पण मुलगा मनाने बरा. ग्रामस्थ मंडळाने ठरवलं होतं, की गावठाणाच्या चौकाला धर्माकाकांचं नाव द्यायचं आणि तिथे दगडी स्मारक उभं करायचं.

"मॅडम, मजकूर तुम्ही लिहायचा. एकदम ऑथेंटिक पाहिजे. एकशे चाळीसचा आकडा मोठ्या अक्षरात. बॅनरची ऑर्डर पण दिली मी. वाघाचा फोटो, त्याच्या हातात बंदूक."

"वाघाच्या हातात?"

"पंजात," प्रशांत म्हणाला.

मी म्हटलं, आधी मूळ कागद बघू दे. तात्यांकडे गेले. मला वाटलं होतं, आनंदाने उड्या मारतील. तर ते म्हणाले, कागद हरवला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, बँकेच्या लॉकरात आहे. तिसऱ्या दिवशी त्याला उंदरांनी खाल्लं. चौथ्या दिवशी मला येताना पाहून ते बाकावरून उठूनच गेले. बारा वर्षं ज्या गोष्टीने त्यांनी आमचे कान किटवले, ती दगडावर कोरायची वेळ आली तर हा माणूस तोंड चुकवत होता. मी चक्रावले.

शेवटी कागदाचा फोटो मला प्रशांतनेच पाठवला. तात्यांच्या देवघरात तो काच लावून ठेवलेला आहे, गणपतीच्या शेजारी, आणि प्रशांतने गणपतीत कधीतरी तो मोबाइलवर काढला होता. पिवळा पडलेला कागद. दगडाआड पोटावर पडलेला एक शिपाई, खांद्याला बंदूक, डावा डोळा मिटत आलेला. वर मोठ्या अक्षरात 'कुलाब्याचा वाघ!' आणि खाली, 'हजार पावलांवरून शत्रूचे सत्तर शिपाई एकट्याने टिपले. तरुणांनो, तुम्ही घरी बसून काय करीत आहां?' वाघाचं नाव मात्र कुठेच नव्हतं.

हे मला खटकलं. माझी एक जुनी सहकारी, सुमन, आता रत्नागिरीला असते. तिला जुने कागद जमवायचा नाद आहे. तिला मी तो फोटो पाठवला. तासाभरात तिचा फोन आला आणि ती हसतच सुटली. "अगं, हा तर आमचा!" तिने दोन कागदांचे फोटो पाठवले. तोच दगड, तोच शिपाई, तीच बंदूक. एकावर 'रत्नागिरीचा वाघ', शिपाई ऐंशी. दुसऱ्यावर 'साताऱ्याचा वाघ', शिपाई शंभर. साताऱ्याला कमी सांगून भागलं नसतं, हे छापणाऱ्यालाही ठाऊक असणार. शिपाईभरतीसाठी ज्या जिल्ह्यात जायचं, तिथला वाघ छापून न्यायचा, असा सगळा कारभार.

मी दोन्ही कागद रंगीत छापून घेतले. आता लपवत नाही, मला उकळ्या फुटत होत्या. लाल पेन घेतलं नव्हतं एवढंच.

दुपारी चारला तात्यांच्या दाराशी गेले. ते ताटलीत भात घेऊन बसले होते, समोर भिंत, पाठीशी भिंत. "जेवलाव का?" त्यांनी विचारलं. मी जेवले होते. मी ते दोन कागद त्यांच्यासमोर ठेवले आणि वर्गात ठेवायचे तशी हाताची घडी घातली.

तात्यांनी हात धुतला, टॉवेलला पुसला. डावा डोळा बारीक करून एक कागद पाहिला, मग दुसरा. मग आत गेले आणि एक पत्र्याची ट्रंक फरफटत घेऊन आले. कडी काढली. वरच एका धोतराच्या घडीत कागद होते. त्यांनी ते एकेक करून माझ्यासमोर जमिनीवर मांडले. ठाण्याचा वाघ. नाशिकचा वाघ. सोलापूरचा वाघ. अहमदनगरचा, खानदेशचा, पुण्याचा, आणि आणखी तीन.

"तुमाला दोन गावले, बाई," ते म्हणाले. "माजेकडं नऊ हायेत."

माझी हाताची घडी आपोआप सुटली.

"मिठाचा ट्रक घिऊन जायचू ना," ते सांगायला लागले. "पयला नाशकात गावला, येका वान्याचे दुकानान. भितीला चिकटवलेला. मी बोललू, ह्यो आमचा काका तुमचे भितीव कसा? वानी बोलला, ह्यो नाशिकचा हाय. मंग जाईन थं इचारायचू. गावला का घिऊन यायचू. कुनी आमचे गावान आनून दाखवू नये म्हनून." त्यांनी पुण्याच्या वाघावर बोट ठेवलं. "दगर बगा. नीट बगा. दगराला चुनी हाय."

खरंच होती. शिपायाच्या कोपराजवळ दगडाला एक लांब चुणी पडली होती. दगड कापडावर रंगवलेला होता. कुठल्यातरी फोटोग्राफरच्या खोलीत कोणालातरी सतरंजीवर पालथा घालून हा वाघ तयार केला होता. इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली, पण ती चुणी मला दिसली नव्हती.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पन्नास वर्सां."

"आणि धर्माकाका?"

"काका व्हता ना. काका खरा. त्याला बंदूक नाय दिली, बाई. बादली दिली. पान्यावं व्हता. खेचराव पानी लादून न्यायचा लोकांना प्यायला. येक पत्र आलता, दुसऱ्या कुनी लिवलेला. वालूच वालू हाय, आनी मी पानी वाटतंय." तात्या थोडं हसले. "गलोलीचा पन खोटा. बापूस सांगायचा, धर्मानं गलोल मारली का शेजाऱ्याचा कौल फुटायचा."

मग त्यांनी सांगितलं ते मी त्यांच्या शब्दांत सांगू शकणार नाही. माझ्या शब्दांत सांगते.

धर्मा लढाईवर गेला तेव्हा तो गावातला पहिला आणि एकटाच. त्याचा फोटो कधी काढलेला नव्हता. काही महिन्यांनी भरतीवाले बैलगाडीवर गाणी वाजवत गावात आले आणि हे कागद वाटून गेले. तात्यांची आजी, म्हणजे धर्माची आई, मिठागरावरून घरी येत होती. तिच्याही हातात कागद आला. तिला वाचता येत नव्हतं, पण चित्र दिसत होतं. तिने शिपायाचा तो मिटत आलेला डावा डोळा पाहिला आणि रस्त्यातच ओरडली, "ह्यो माजा धर्मा!"

"मिठागरावं दिस काढलाव कवा?" तात्यांनी मला विचारलं. "पांढरा मीठ, वर ऊन. डोला असाच व्हतो. आमच्या सगल्यांचा असाच हाय." त्यांनी तो बारीक केलेला डोळा माझ्याकडे वळवला. घराण्याचा नेमाचा डोळा! ती मिठाच्या उन्हाने पडलेली सवय होती. बंदुकीवर नेम धरायला कोणीही मिटेल असा डोळा होता, आणि त्या माऊलीला त्यात आपला मुलगा दिसला. गाडीवरच्या साहेबाला विचारलं, तर त्यानेही मान हलवली. त्याचं काय जात होतं? त्याला पोरं हवी होती. आपल्या धर्माचं चित्र सरकारने छापलं म्हटल्यावर त्याच आठवड्यात गावातले आणखी दोघे भरती झाले, गोमा आणि चाहू. तिघांतला एकही परत आला नाही. धर्मा बेपत्ता असल्याचा कागद आला, तो तात्यांच्या वडलांनी आईपासून लपवला.

तात्या जन्मले ते लढाईच्या शेवटी. घरात अक्षर ओळखणारा पहिला माणूस तेच. सात वर्षांचे होऊन ते जोडाक्षरं वाचायला लागले, तशी आजीने पेटीतून कागद काढला आणि दिवेलागणीला त्यांच्यापुढे धरला. वाच म्हणाली. त्यांनी वाचलं, हजार पावलांवरून शत्रूचे सत्तर शिपाई...

"आजीस बोलली, ता र्‍हाऊंदे. जेवला का त्यो, ता बग."

तात्यांनी कागद खालपासून वरपर्यंत पाहिला. जेवणाचं काही लिहिलेलं नव्हतं. आजी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिला वाटत होतं, कागद वाचला की त्यातून रोज नवी खबर निघते. सात वर्षांच्या पोराने कागदावर बोट ठेवलं आणि वाचलं, "जेवला."

"काय जेवला?"

"निवटं."

निवटे म्हणजे आमच्या खाडीच्या चिखलातले मासे. आजीने समाधानाने मान डोलावली आणि म्हणाली, तिथं पन निवटं गावतात, बरा झाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कागद. पुन्हा, जेवला का? मग, निजला कुठे? पाय दुखतात का त्याचे? पोरगं वाचत राहिलं. आणि मग एक दिवस आजीने विचारलं, किती लांब आहे रे माझा धर्मा? पोराला कागदातलं एकच अंतर माहीत होतं. बंदुकीची गोळी जाते तेवढं.

"मी बोललू, येक गोली. आजीस बोलली, येवराच? मंग आलाच." मला कॅनडा आठवला.

तात्यांनी ट्रंकेचं झाकण उघडं होतं ते उगाच पुन्हा उघडल्यासारखं केलं. "नऊ वर्सां वाचला मी. मंग ती गेली. वाचायची सवय र्‍हायली, ऐकनारी गेली. मंग बाकाव बसून लोकांना सांगाया लागलू. पन लोकांना जेवला का ता नको असतं, बाई. किती मारलं ता पायजे. मंग वारवत गेलू. तिचे मागारी कुनी येकानं इचारला नाय, का त्यो जेवला का."

मी बारा वर्षं त्या बाकाजवळून ये-जा करत होते. आकडे मोजत होते. मलाही कधी ते विचारावंसं वाटलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली, आणि मी ती तात्यांना बोलूनही दाखवली. ते म्हणाले, "तुमी च्या घेनार का?"

चहा झाल्यावर मी विचारलं, आता दगडाचं काय? ते म्हणाले, बोललेलं वाऱ्यावर जातं, त्याचं पाप नाही. दगडावर कोरलेलं राहतं. त्या कागदाने एकदा गावातली दोन पोरं नेली. आता दगड झाला, तर तो उद्या कोणाला नेईल? शिवाय गोमाची आणि चाहूची घरं याच गावात आहेत. वाघाच्या दगडासमोरून त्यांनी रोज कसं जायचं?

रविवारी देवळाच्या मंडपात बैठक होती. बॅनर आला होता. वाघाच्या पंजात खरोखरच बंदूक होती. प्रशांतने माझं नाव पुकारलं, पण तात्याच काठी टेकत उठले. आयुष्यात पहिल्यांदा ते मागच्या भिंतीपासून पुढे आले आणि उजेड पाठीशी घेऊन उभे राहिले. धोतराच्या घडीतले नऊ कागद त्यांनी सतरंजीवर मांडले. "कागद खोटा," ते म्हणाले. "मानूस खरा." मग बादलीचं सांगितलं, खेचराचं सांगितलं, गोमाचं आणि चाहूचं सांगितलं. एकशे चाळीस शिपाई त्यांनी सगळ्यांसमोर एका दमात जिवंत केले.

कोणी हसलं नाही. मागच्या रांगेतून चाहूच्या घरची एक म्हातारी सून उठली, पुढे येऊन तात्यांच्या पाया पडली आणि परत जाऊन बसली. प्रशांत बराच वेळ त्या चुणीकडे बघत होता. मग त्याने बॅनर स्वतःच्या हाताने गुंडाळला.

दगड झाला. साधा, काळा, कमरेएवढा. पाथरवटाने स्मारकाच्या नेहमीच्या पद्धतीने तीन रकाने आखून दिले होते: नाव, काम आणि ठिकाण. नावं तीन. धर्माच्या पुढे काम म्हणून 'पाणी वाटणे' असं लिहिलं, गोमा आणि चाहूपुढे 'शिपाई'. ठिकाणाशी मी अडले. कोण कुठे पडलं, हे कोणालाच माहीत नव्हतं. मी 'अज्ञात' लिहिणार होते. तेवढ्यात तात्यांनी कागदावर हात ठेवला.

"तिघांना येकच लिवा, बाई."

इतिहासाच्या पेपरात हे कोणी लिहिलं असतं, तर मी गोल करून 'मोघम' म्हटलं असतं. मी माझ्या सुवाच्य अक्षरात, काना-मात्रा तपासून पाथरवटाला लिहून दिलं: ठिकाण, एका गोळीवर.

दगड बसला त्या दिवसापासून बाकावरची गोष्ट बंद झाली. सांगायला उरलं काय होतं? तात्या बसायचे, काठीवर हनुवटी टेकवायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवलाव का विचारायचे आणि गप्प व्हायचे. संध्याकाळी सहाला बाकापाशी आता कोणी थांबत नव्हतं. आठवडाभर मी हे वरून बघितलं. आठव्या दिवशी मला ते बघवेना. गॅस बंद केला, खाली उतरले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. चुकून रस्त्याकडे पाठ करून बसले, तर त्यांनी काठीने मला वळायला लावलं.

वरून एक विमान गेलं.

मग मी विचारलं, "तात्या, धर्माकाका जेवले का हो आज?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बारीक न करता, दोन्ही डोळ्यांनी. मग खाडीच्या बाजूला बघत, हातात कागद असावा तसं गुडघ्यावर बोट ठेवलं आणि हळूहळू वाचल्यासारखं म्हणाले, "जेवला. निवटं व्हतं."

वाळवंटात निवटे कुठले, हे मी विचारलं नाही. "पोटभर?" एवढंच विचारलं.